कधी घाबरायचं, तेवढं सांगा : मनपा आयुक्तांना खुलं पत्र

मा. आयुक्त,
नागपूर महानगरपालिका

स.न.वि.वि.

2021 मध्ये दुसरी लाट ओसरत असतानाच ‘तिसरी लाट मुलांवर येणार’ अशी चर्चा सुरू झाली आणि मुलांच्या खाटा वाढवण्याची घाई उडाली. खाटा हव्यातच. पण कोरोना झालेली बहुतेक मुलं घरीच बरी झाली, आणि आईबापांनी रात्री जागून काढल्या त्याही घरीच. रात्री दोन वाजता ‘घाबरू नका’ कुणाच्या कामाचं नसतं.

आम्ही मुलांच्या वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिका. आमची मागणी एका पानाची आहे. पुढची साथ येण्याआधी मराठी-हिंदीत एक तक्ता छापा. तो प्रत्येक अंगणवाडीत, आशाताईंच्या पिशवीत आणि औषध दुकानाच्या काउंटरवर असू द्या. अक्षर मोठं ठेवा, तो मोबाइलच्या उजेडात वाचला जाणार आहे.

सगळ्यात जास्त घोळ पॅरासिटामॉलचा होतो. डोस वजनावर ठरतो : किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, पुन्हा 4 ते 6 तासांनी, दिवसात चारदाच. 10 किलोच्या मुलाला एका वेळी 150 मिलिग्रॅमच्या वर नको. पण बाजारात 5 मिलीत 125 मिलिग्रॅमचं सिरप मिळतं, 250 चंही मिळतं, आणि थेंबांच्या बाटलीत एका मिलीतच 100 असतात. म्हणजे हेच 150 मिलिग्रॅम पहिल्या बाटलीतून 6 मिली, दुसरीतून 3, थेंबांतून दीड. शेजारणीने सांगितलेला ‘एक चमचा’ दुसऱ्या बाटलीतून दुप्पट होतो, थेंबांच्या बाटलीतून चौपट. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर घरी औषध नाही, थेट डॉक्टर.

ऑक्सिमीटरचंही लिहा. मोठ्यांचा चिमटा तान्ह्याच्या बोटावर बसत नाही, मूल हात झटकतं, नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरसमोर बोटं गार पडलेली असतात. आकडा 88 दिसतो आणि घर हादरतं. बोट चोळून गरम करावं, मूल शांत झालं की नाडीचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबावं. मग 94 च्या खाली राहिला, तर रुग्णालय.

ऑक्सिमीटर नसेल तर श्वास मोजता येतो. ताप उतरल्यावर, मूल झोपेत किंवा शांत असताना, पूर्ण एक मिनिट; तान्ह्यांचा श्वास मध्येच थबकतो, म्हणून अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नये. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षापर्यंत 50, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त भरले, तर दाखवावं. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर मोजत बसू नये.

आणि एक चौकट वेगळी हवी. कोरोना होऊन गेल्यावर 2 ते 6 आठवड्यांनी तीन दिवस ताप, लाल डोळे, अंगावर पुरळ, पोटदुखी, उलट्या दिसल्या, तर तो कोरोनानंतर मुलांच्या शरीरभर उठणारा दाह (MIS-C) असू शकतो, डॉक्टरांना दाखवावं. सगळं संपलं असं घरच्यांना वाटत असतं, म्हणूनच हे हातचं सुटतं.

रात्रीच्या हेल्पलाइनवर मुलांचं काम केलेली एक तरी व्यक्ती बसवा. तिने आधी वजन विचारावं, मग बाटलीवरचा आकडा वाचून घ्यावा.

मजकूर आम्ही लिहून देऊ, बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घेऊ. छपाई आणि वाटप तेवढं मनपाने करावं.

आपल्या,
मुलांच्या वॉर्डातील काही परिचारिका, नागपूर