पीएचडी सेक्शनमधल्या ताई आणि लायब्ररीतले काका, खूप खूप आभार

सातवा महिना, सकाळी कॉलेजवर लेक्चर्स, दुपारी पीएचडीचं काम. नोकरीतली २६ आठवड्यांची रजा मंजूर होती पण पीएचडीची मुदत संपत आलेली आणि जो तो म्हणे आता रजिस्ट्रेशन रद्द होणार, मी पार खचले होते. काउंटरवर रडूच फुटलं. ताईंनी आत बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमावर बोट ठेवून दाखवलं की पीएचडी करणाऱ्या बाईला २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा मिळते, अगदी २०१६ पासून! अर्ज लिहून घेतला आणि गाईडची सही आणायला स्वतः वर गेल्या, मला जिना चढू दिला नाही. हे प्रत्येक मुलीला रजिस्ट्रेशनच्या दिवशीच सांगायला हवं खरंतर.

आणि काका, जुने जर्नल्स वरच्या मजल्यावर, घरी न्यायची परवानगी नाही, तर तुम्ही माझी यादी घेऊन गठ्ठे खाली आणायचात, पायाखाली स्टूल सरकवायचात, वर "पोरी, आधी डबा खा, मग वाच."

थीसिस सबमिट झालाय. लेकीला घेऊन पेढे द्यायला येतेय, दोघंही जागेवर असा.