सुंदरबनची बोट फक्त वाघासाठी नसते हो

संपादक साहेब,
सुंदरबनला एका दिवसाची बोट सफारी करून आलेल्या बहुतेकांचं एकच रडगाणं, वाघ काही दिसला नाही, पैसे वाया. अहो तो काय तुमच्यासाठी काठावर येऊन बसणारे का? मी पण गेलो होतो, मलाही नाही दिसला, पण भरती-ओहोटीचा जो खेळ तिथं चालतो ना तो बघूनच माणूस गार होतो, दिवसातून दोनदा पाणी चढतं उतरतं आणि ओहोटीला सगळा चिखल उघडा पडतो, मग त्यात खारफुटीची श्वास घेणारी मुळं खिळ्यांसारखी वर आलेली दिसतात, खेकडे, चिखलात उड्या मारणारे मासे, आणि नशीब असेल तर खाऱ्या पाण्यातली मगर ऊन खात पडलेली. म्हणून बुकिंग करतानाच ओहोटी किती वाजता आहे ते विचारा, जेवणाचा मेनू नंतर.

सजनेखाली या वनखात्याच्या ठाण्यावर जंगलात जायचं परमिट मिळतं, वनखात्याचा गाईड सोबत लागतोच. त्याला बोलू द्या की जरा! आमच्या बोटीवर काही मंडळींनी ब्लूटूथ स्पीकर लावला, मग कसले पक्षी नि कसलं काय. १९८७ पासून जागतिक वारसा असलेल्या जंगलात स्पीकर बोट सुटायच्या आधीच काढून घ्यायला काय हरकत आहे? बोटवाल्यांनीच हे करावं, पर्यटक आपणहून ऐकतील असं मला तरी वाटत नाही.

– एक वाचक