बॅटन खाली पडल्यानंतर

प्रिय लेकीस,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एवढेच म्हणालीस की, यापुढे रिले नको, मी फक्त शंभर आणि दोनशे धावेन. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण तू रडत होतीस आणि रडताना कानावर पडलेले पुढे लक्षात राहत नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे. सावकाश वाच.

तुमच्या चार गुणिले शंभर रिलेच्या दिवशी मी दुसऱ्या वळणाच्या तोंडाशी, कुंपणाला लागूनच उभी होते. शर्यतीआधी तू बुटाला बूट लावून सव्वीस पावले मोजलीस, ट्रॅकवर पांढरी पट्टी चिकटवलीस आणि अंगठ्याने ती दोनदा दाबलीस, हे मी पाहिले. सव्वीस ही तुमची सरावातली पावले. परंतु तुझ्याकडे बॅटनचा दांडा घेऊन येणारी मुलगी तासाभरापूर्वीच चारशे मीटरची अंतिम शर्यत धावून आली होती आणि शेवटच्या वीस मीटरमध्ये तिचे पाय जड झाले होते. ती पट्टीवर येताच तू अगदी वेळेवर सुटलीस, शिकवल्याप्रमाणे मागे न बघता उजवा हात मागे केलास, बॅटनचे टोक तुझ्या बोटांना लागले आणि ते खाली पडले. पट्टी तीन-चार पावले तुझ्याजवळ घ्यायला हवी होती. हे तिने तुला सांगायला हवे होते आणि तूही तिला विचारायला हवे होतेस. तेवढे बोलणे तुमच्यात झाले नाही, इतकाच दोष मला दिसतो आणि तो दोघींचा आहे. तू मात्र परतीच्या बसमध्ये तिच्याशी एक शब्दही बोलली नाहीस. मला बॅटन पडल्यापेक्षा त्याचेच जास्त वाईट वाटले.

चार गुणिले शंभरमध्ये एकटीचे असे काही नसते, हे आकड्यांतूनच दिसते. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या चौघींनी 40.82 सेकंदांचा विश्वविक्रम केला. त्याला चाराने भागले तर प्रत्येकीच्या वाट्याला साधारण 10.2 सेकंद येतात. आणि एकटीने धावलेल्या शंभर मीटरचा महिलांचा विश्वविक्रम 1988 पासून 10.49 आहे. जगात कोणतीही स्त्री एकटीने धावली नाही इतक्या वेगाने ते बॅटन मैदानाभोवती फिरले, कारण पहिली सोडली तर बाकीच्या तिघी आधीच धावत असताना ते हातात घेतात. हा सारा फायदा त्या तीस मीटरच्या पट्ट्यात कमवायचा असतो. पूर्वी बदलाचे, म्हणजे बॅटन एकीच्या हातून दुसरीच्या हाती देण्याचे, क्षेत्र 20 मीटरचे होते आणि वेग घेण्यासाठी त्याच्या आधी 10 मीटर वेगळे मिळत. आता दोन्ही मिळून 30 मीटरचे एकच क्षेत्र झाले आहे. बदल त्या क्षेत्रात झाला की नाही हे धावपटूचे पाय कुठे आहेत यावरून ठरत नाही, बॅटन कुठे आहे यावरून ठरते.

आता तुला अमेरिकेच्या लॉरिन विल्यम्सविषयी सांगते. 2004 मध्ये अथेन्स ऑलिम्पिकला तिने शंभर मीटरचे रौप्यपदक जिंकले आणि त्याच स्पर्धेत रिलेच्या अंतिम फेरीत ती तुझ्यासारखीच तिसऱ्या टप्प्यावर उभी होती. मॅरियन जोन्सकडून तिच्या हाती बॅटन येण्याआधीच क्षेत्र संपले आणि अमेरिकेची शर्यत तिथेच आटोपली. सुवर्ण जमैकाला गेले. पुढच्याच वर्षी ती हेलसिंकीला शंभर मीटरची जगज्जेती झाली, म्हणजे रिले सोडून दिली असती तरी तिला कोणी नावे ठेवली नसती. 2008 मध्ये बीजिंग ऑलिम्पिकला ती पुन्हा संघात होती, या वेळी शेवटच्या टप्प्यावर. पात्रता फेरीत टोरी एडवर्ड्सकडून बॅटन घेताना ते पुन्हा पडले. त्या क्षणी बाकीचे संघ पुढे निघून गेले होते आणि काही मिळण्याजोगे उरले नव्हते. तरीही ती मागे वळली, बॅटन उचलले आणि अंतिम रेषेपर्यंत धावली. संघ बाद झालाच. परंतु चार वर्षांनी लंडनमध्ये पात्रता फेरीचा शेवटचा टप्पा तिच्याचकडे सोपवला गेला, या वेळी बॅटन नीट पोहोचले आणि अंतिम फेरीत ती धावली नसली तरी संघाच्या सुवर्णपदकावर तिचाही हक्क राहिला. त्या अंतिम फेरीत कार्मेलिटा जीटर रेषेकडे धावत येताना हातातले बॅटन घड्याळाकडे रोखते, ते दृश्य तू पाहिले आहेस; 1985 पासून पूर्व जर्मनीच्या नावावर असलेला 41.37 चा विक्रम तिथे मोडला.

परंतु तुमच्या दोघींसाठी मला त्याहून जवळची वाटते ती रिओ ऑलिम्पिकची गोष्ट. 2016 च्या ऑगस्टमध्ये पात्रता फेरीत दुसरा बदल होता, नेमका तुमचाच. अमेरिकेची ॲलिसन फेलिक्स बॅटन घेऊन इंग्लिश गार्डनरपाशी पोहोचत असतानाच शेजारच्या लेनमधल्या ब्राझीलच्या धावपटूचा धक्का तिला लागला, तोल गेला आणि बॅटन जमिनीवर पडले. गार्डनर सुन्न झाली होती. फेलिक्सने तेवढ्यात भान राखून तिला शर्यत पूर्ण करायला लावली, कारण शर्यत पूर्ण झाली तरच दाद मागण्यात अर्थ होता. एक मिनिटाहून अधिक वेळ लागला, पण त्या रेषेपर्यंत पोहोचल्या. तक्रार मान्य झाली आणि त्याच संध्याकाळी त्यांना पुन्हा धावण्याची संधी मिळाली: रिकाम्या ट्रॅकवर, शेजारच्या लेनमध्ये कोणीही नसताना, केवळ घड्याळाशी. अंतिम फेरीतली शेवटची जागा तोवर चीनकडे होती, म्हणून चीनपेक्षा कमी वेळ नोंदवणे आवश्यक होते. त्यांनी 41.77 सेकंद नोंदवले. दुसऱ्या दिवशीच्या अंतिम फेरीसाठी त्यांना पहिली लेन मिळाली, जिथे वळण सर्वांत आवळलेले असते. त्या लेनमधूनही त्यांनी 41.01 सेकंदांत सुवर्ण जिंकले.

यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, अंतिम फेरीतही दुसऱ्या बदलावर फेलिक्स आणि गार्डनरच होत्या. आदल्या दिवशी ज्या दोघींमध्ये बॅटन पडले होते त्याच दोघींनी, त्याच ठिकाणी, ते पुन्हा एकमेकींच्या हाती दिले. ती जोडी फोडावी असे कोणाला वाटले नाही.

तुझ्या सरांनी तुला चार गुणिले चारशेचा पर्याय सुचवला आहे, असे तू म्हणालीस. त्याला माझी ना नाही. भारताच्या मुलींनी 2002 पासून 2018 पर्यंत सलग पाच आशियाई स्पर्धांत ते सुवर्ण जिंकले. 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेतही जिंकले. आणि पुढच्या आशियाई स्पर्धेत हांगझोऊला रौप्य मिळवणाऱ्या चौघींमध्ये आपल्या मुंबईची ऐश्वर्या मिश्रा होती. तिथे घेणारी मागे वळून पाहते आणि येणारीच्या थकव्याचा अंदाज घेऊन सुटते, त्यामुळे बदल सोपा वाटतो. आवड असेल तर जरूर धाव. परंतु शंभरच्या बदलाला घाबरून तिकडे जाऊ नकोस, कारण थकून आलेल्या मुलीच्या हातातून बॅटन तिथेही घ्यावेच लागते.

मीही तुझ्या वयाची असताना जिल्हा स्पर्धेत तिसऱ्या टप्प्यावर धावत असे. मातीचे मैदान, चुन्याच्या रेषा आणि हातात लाकडी दांडा. मागून "घे" अशी आरोळी आली की पाठीमागे केलेल्या तळव्यात तो टेकेपर्यंतचा जो क्षण असे, त्यात माझा हात कापत असे आणि तरीही तो मागे राहत असे, कारण मागून येणारीवर माझा विश्वास होता. आम्ही दोघी शाळेत जाता-येता रस्त्यावर खडूचा तुकडा हातात घेऊनही तो बदल करत असू.

येत्या रविवारी सकाळी साडेसहा वाजता मी तुमच्या मैदानावर येते. आज संध्याकाळीच तुझ्या त्या बॅटन देणाऱ्या मैत्रिणीच्या खोलीवर जा आणि तिला तसे सांग. पट्टी मी आणीन, तू तिला घेऊन ये. आधी ताज्या पायांनी चार बदल करू, मग तिला एक चारशे धावायला लावू आणि त्यानंतर पट्टी कुठे लावायची ते तुम्ही दोघी मिळून ठरवा.

तुझी,
आई