तिनोसहून पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे सगळं सांगणं झालं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी ग्रीसमधल्या तिनोस बेटावर आहे आणि येत्या मे महिन्यात तुम्हा दोघांना इथे आणायचं मी मनाशी पक्कं केलं आहे. नाही म्हणायच्या आधी पत्र पूर्ण वाचा.

आई, आधी तुझ्याशी बोलते. अथेन्सजवळच्या राफिना बंदरातून इकडे बोटी येतात. गावाच्या वरच्या अंगाला मारियामातेचं मोठं पांढरं मंदिर आहे. पेलाजिया नावाच्या जोगिणीला दृष्टान्त झाला, लोकांनी खणायला घेतलं आणि १८२३ साली मातेची तसबीर सापडली, अशी इथली श्रद्धा. बंदरापासून देवळापर्यंतच्या चढावर रस्त्याच्या कडेने गालिच्याची लांब पट्टी अंथरलेली असते, गुडघ्यांवर रांगत जाणाऱ्यांसाठी. तुझ्या वयाची एक बाई तशी चढत होती आणि मुलगा पाण्याची बाटली घेऊन शेजारून चालला होता. लोटांगण घालत जाणाऱ्याला वाट देऊन तू हात जोडतेस ना, तसे माझे हात आपोआप जुळले. तुला मात्र गुडघ्यांना काही त्रास द्यायचा नाही, वर गाडी जाते. आत छतापासून चांदीचे दिवे टांगलेले आहेत आणि त्यांत नवसाच्या वस्तू: जहाजं, हात, पाय. एक संत्र्याचं झाडसुद्धा आहे. एका आंधळ्याने नवस बोलला होता की दृष्टी आली तर पहिल्यांदा जे दिसेल ते घडवून वाहीन, आणि त्याला दिसलं संत्र्याचं झाड, असं सांगतात.

बाबा, तुम्ही आयुष्यभर बांधकामं पाहिलीत, म्हणून तुम्हाला इथले डोंगर दाखवायचे आहेत. उतारांवर चुना-माती न वापरता नुसते दगड रचून ताली घातल्या आहेत, अगदी वरपर्यंत. त्यांच्या मधल्या घळींत वाऱ्याच्या आडोशाला दुमजली कबुतरखाने. खाली अवजारं, वर कबुतरं. ही रीत व्हेनिसच्या राजवटीतली, ती राजवट इथे १७१५ पर्यंत टिकली. मांस खायला आणि विष्ठा शेताला खत. पण नुसत्या कामापुरतं बांधून माणसं थांबली नाहीत. पातळ फरशीचे तुकडे उभे-आडवे लावून त्यांनी भिंतीवर सूर्य, त्रिकोण, चौकटी काढल्या. ताराम्बादोस गावाजवळ असे कितीतरी आहेत. कबुतरांच्या घरासाठी एवढी कलाकुसर करणारी माणसं मला फार आवडली.

पिर्गोस हे संगमरवर घडवणाऱ्यांचं गाव. दारांवरच्या झरोक्यांत जहाजं, पक्षी, सुरूची झाडं कोरलेली. इथल्या या कारागिरीला २०१५ साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. शिल्पकार यान्नुलिस हालेपास इथलाच, जन्म १८५१चा. मूर्तिकामानेच मुलाला वेड लागलं अशी आईची समजूत झाली आणि तिने त्याला ते करू दिलं नाही. १९१६ साली ती गेली, तेव्हा साठी उलटलेल्या त्याने पुन्हा माती हातात घेतली. त्याच्या घरात मी बराच वेळ बसले. आईचीही दया आली, त्याचीही.

वोलाक्स गावाभोवती घराएवढाले गोल ग्रॅनाइटचे धोंडे पडले आहेत. तिथे अजून टोपल्या विणतात.

समुद्राला आपण कोलिम्बिथ्राला जाऊ. तिथे शेजारी-शेजारी दोन वाळूचे किनारे आहेत. एकावर लाटा, दुसरा आडोशाचा. तुम्ही दुसऱ्यावर पाय सोडून बसा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा मेल्तेमी वारा बोटीसुद्धा अडवतो आणि १५ ऑगस्टच्या यात्रेला पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मे. तेव्हा डोंगर हिरवे असतात.

खर्चाचं बोलू नका. बाबा, दोघांच्या पासपोर्टची मुदत आजच बघा आणि फोटो पाठवा, व्हिसाची वेळ मी इथून घेते. आई, डॉक्टरांना गुडघ्यांबद्दल विचारून ठेव.

तुमची,
मनू