तीन सेकंदांबद्दल थँक्यू, दादा!

प्रिय दादा,

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "ग्रिप बघू तुझी" म्हणून विषय बदलता, त्यामुळं इथं सगळ्यांसमोरच लिहून टाकते. नाव घालायचं नाही असं बजावलंय म्हणून घालत नाही, पण कोल्हापुरातल्या दुधाळीच्या शूटिंग रेंजवर येणाऱ्या पोरापोरींना कळेलच मी कुणाबद्दल बोलतेय ते.

बाकीच्यांसाठी आधी थोडं सांगते. पंचवीस मीटर पिस्तूल ह्या माझ्या इव्हेंटमध्ये ६० शॉट असतात, पहिले ३० प्रिसिजनचे म्हणजे अचूक नेमाचे, पाच-पाचच्या सिरीज आणि प्रत्येक सिरीजला ५ मिनिटं, म्हणजे निवांत. नंतरचे ३० रॅपिडचे म्हणजे झटपट मारायचे, आणि खरी परीक्षा तिथं असते. हात खाली ४५ अंशात धरून थांबायचं, हिरवा लाइट लागला की ३ सेकंद, तेवढ्यात हात वर, साइट (पिस्तुलावरची नेम धरायची खूण), ट्रिगर, एकच शॉट, मग ७ सेकंद लाल, परत ३ सेकंद, असं पाच वेळा. आपल्या राही सरनोबत ताईंनी २०१३ ला चांगवॉनला वर्ल्ड कपचं गोल्ड आणि २०१८ ला इंडोनेशियात पालेमबांगला एशियन गेम्सचं गोल्ड ह्याच इव्हेंटमध्ये घेतलं, ते पण तिथं टाय होऊन शूट-ऑफ खेळून. त्यामुळं कोल्हापुरात पिस्तूल हातात घेतलेल्या प्रत्येक पोरीच्या डोक्यात हा इव्हेंट असतोच.

मी आले एअर पिस्तूलवरनं, म्हणजे हवेच्या दाबावर छर्रा मारणाऱ्या पिस्तूलवरनं. तिथं सगळ्यात मधलं, दहा पॉइंटचं वर्तुळ ११.५ मिलीमीटरचं, वेळ सव्वा तास, शॉट जमत नाही वाटलं की हात खाली घ्यायचा आणि परत सुरू करायचं. ती सवय अंगात इतकी मुरलेली की रॅपिडला पण साइट अगदी स्थिर होईपर्यंत मी थांबायचे, मग वेळ संपत आलाय म्हणून शेवटी ट्रिगर ओढला जायचा. घाई कर, घाई कर, एवढंच सगळे सांगत होते आणि घाई केली की शॉट अजून लांब. प्रिसिजनला चांगली असलेली मुलगी रॅपिडला कुठं जाते तेच कळत नव्हतं कुणाला.

तुम्ही पहिल्यांदा काय केलं तर दोन टार्गेटचे कागद शेजारी शेजारी लावले आणि पट्टी दिली हातात. प्रिसिजनचं दहा ५० मिलीमीटर, रॅपिडचं दहा १०० मिलीमीटर. "दुप्पट मोठं दहा दिलंय तुला, मग एवढी स्थिर कुणासाठी राहतीयस?" बास, एवढंच बोललात. नियम मला पाठ होता हो, पण त्याचा अर्थ असा कुणी हातात ठेवला नव्हता. साइट हलणारच, १०० मिलीमीटरच्या आत हलतेय ना, मग हलू दे, आणि ती हलत असतानाच ट्रिगर सरळ मागं येत राहू दे. हे पटायला वेळ लागला पण पटलं तेव्हा छातीवरचं ओझंच गेलं बघा.

मग तुमचं ते प्रॅक्टिकल शूटिंगचं, म्हणजे हलत-फिरत अनेक टार्गेट मारायच्या खेळाचं गणित. थायलंडला नोकरीला असताना तिथल्या क्लबात शिकलेलं. त्यात मिळालेले पॉइंट भागिले लागलेले सेकंद असा हिशोब असतो, हे मला नवीनच होतं. तुम्ही वहीत मांडून दाखवलं, दोन गोळ्या मधल्या ए झोनमध्ये म्हणजे १० पॉइंट, २ सेकंद लागले तर आकडा ५. तेच कुणी घाईत एक ए आणि एक त्याच्या बाहेरच्या सी झोनमध्ये मारला तर मायनर पॉवरला (कमी ताकदीच्या गोळीला) ५ आणि ३ मिळून ८ पॉइंट, पण १.६ सेकंदात मारला तर आकडा परत ५. म्हणजे नुसता वेग पण कामाचा नाही आणि नुसता नेम पण नाही. मला वाटलं आमच्या इव्हेंटला ह्याचा काय उपयोग, आमच्याकडं तर ३ सेकंदाच्या आत कधीही मारा, लवकर मारल्याचे जादा पॉइंट नाहीत. तर तुम्ही म्हणालात, तेच तर, तुला वेळ वाचवायचा नाहीये, वाया जाणारा शोधायचाय.

आणि तो शोधला तुम्ही मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट करून. पिस्तूल टार्गेटच्या वर जात होतं आणि मग खाली येत होतं, त्या वरखालीतच बराच वेळ जायचा. बोट पण हात पूर्ण वर आल्यावरच ट्रिगरवर दाब द्यायला सुरुवात करायचं. डोळे हाताबरोबर खालनं वर प्रवास करत होते. प्रॅक्टिकलवाले पुढच्या टार्गेटवर आधी डोळे नेतात आणि मग पिस्तूल तिथं येतं, तेच तुम्ही मला लावलंत. लाल लाइट असतानाच डोळे टार्गेटच्या उंचीवर ठेवायचे, अर्धा श्वास सोडायचा, हिरवा लागला की पिस्तूल डोळ्यांच्या रेषेत आणायचं, सुरुवातीला झपकन आणि शेवटी हळू, येता येताच ट्रिगरचा पहिला टप्पा (शॉट सुटायच्या आधीचा हलका दाब) घेऊन टाकायचा, आणि वर पोचलं की नजर फ्रंट साइटवर, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकाच्या खुणेवर. गंगावेशीच्या तालमीत पैलवान डाव टाकायच्या आधीच पायाची जागा घेऊन ठेवतो, तसं.

ड्राय फायर, म्हणजे गोळी न घालता सराव, तर तुम्ही इतकं करून घेतलंत की घरच्या भिंतीवरचा काळा ठिपका आईला पण पाठ झालाय. त्यातलं एक मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून इथं लिहिते, एअर पिस्तूलचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम दाबाचा आणि पंचवीस मीटरच्या पिस्तूलचा १००० ग्रॅमचा, त्यामुळं घरी एअरवर नुसता हात उचलायचा आणि साइट बघायची, ट्रिगरचा सराव रेंजवरच्याच पिस्तूलवर, चेंबर रिकामं आहे हे दोघांनी बघून. बोटाला दोन वेगळे दाब शिकवून गोंधळ कशाला.

टायमरचं पण तसंच. आधी टायमरच नाही, मग ३ सेकंद, मग हळूच अडीचच्या खाली आणलंत मला न सांगता, आणि एक दिवस परत ३ वर. त्या दिवशी वर गेल्यावर साइट दिसली, ट्रिगर आला, शॉट गेला आणि लाइट अजून हिरवाच. मी मागं वळून बघितलं तर तुम्ही आधीच हसत होता.

आणि ती शॉट कुठं लागला ते दाखवणाऱ्या मॉनिटरवर रुमाल टाकायची पद्धत! शॉट गेला की स्क्रीन न बघता सांगायचं, "नऊ, सात वाजता" (म्हणजे नऊचा शॉट, घड्याळातल्या सातच्या दिशेला) किंवा "दहा, मधोमध". सुरुवातीला अंदाजपंचे होतं सगळं, पण त्यामुळंच शॉट सुटताना साइट कुठं होती ते बघायची सवय लागली, आणि सुटल्यावर लगेच हात खाली टाकायचं बंद झालं. माझ्या मते तर रॅपिडला हीच गोष्ट सगळ्यात आधी शिकवायला पाहिजे, टायमरच्या पण आधी. ह्यावर तुमचं मत वेगळं आहे, माहितीय.

ह्या सीझनला माझा रॅपिडचा स्कोअर प्रिसिजनच्या वर गेला. तुम्हाला फोन केला तर तुम्ही विचारलं, "चौथी सिरीज काय झाली होती?" मला तेच आवडतं तुमचं. स्वतःची ड्युटी संपवून, पेट्रोल घालून, एक रुपया न घेता तुम्ही संध्याकाळी यायचा आणि मला सुट्टीच्या दिवशी पण वेळ द्यायचा. वहिनींना पण मनापासून थँक्यू, त्यांच्या वाट्याचा वेळ होता तो.

आता स्टँडर्ड पिस्तूल हा दुसरा इव्हेंट सुरू करायचाय मला. त्यात शेवटच्या सिरीजना १० सेकंदात पाच गोळ्या, म्हणजे रिकॉईलनंतर (गोळी सुटतानाच्या धक्क्यानंतर) साइट परत जागेवर येईपर्यंतच पुढचा दाब सुरू पाहिजे, तिथं तुमचं ते प्रॅक्टिकलचं सगळं अजूनच लागणार आहे. ज्युनिअरमधल्या दोन पोरी पण मागं लागल्यात, त्यांना रॅपिडचा हात उचलायला शिकायचाय. टायमर माझ्याकडंच आहे, चार्ज करून आणते, रुमाल तेवढा तुम्ही आणा. रविवारी सकाळी येताय ना?

तुमची,
तीन नंबर लेनवाली