प्रशिक्षकाला पगाराआधी अधिकार आणि अवधी हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या मुख्य प्रशिक्षकांना मिळणाऱ्या कोट्यवधी डॉलरच्या करारांविषयी आपल्या क्रीडा पानावर आलेला मजकूर वाचला. नाशिकमध्ये ज्यांच्याशी या विषयावर बोलणे झाले, त्या बहुतेकांच्या मनात पगाराचे आकडेच राहिले आहेत. मी अनेक वर्षे क्रीडाशिक्षक म्हणून काम केले आहे आणि अंडाकृती चेंडूचा हा खेळ, जो आपल्या फुटबॉलहून अगदी वेगळा आहे, निवृत्तीनंतर आवडीने पाहत आलो आहे. त्या आधारावर माझे असे मत झाले आहे, की तेथील जाणते प्रशिक्षक नोकरी स्वीकारताना पगाराचा विचार सर्वांत शेवटी करतात. आणि ज्या गोष्टी ते आधी तपासून पाहतात, त्यांचा आपल्या महाविद्यालयांत प्रशिक्षक नेमताना कोणी विचारच करत नाही.

पगाराचा मुद्दा मागे पडतो तो अशासाठी, की मोठ्या संघांचे मुख्य प्रशिक्षक वर्षाला सत्तर-ऐंशी लाख डॉलर किंवा त्याहूनही अधिक कमावतात आणि नाव झालेल्या माणसाला तेवढे कुठेही मिळते. २०२५च्या नोव्हेंबरअखेर लेन किफिन यांनी मिसिसिपी विद्यापीठ सोडून लुईझियाना स्टेट विद्यापीठाची वाट धरली, तेव्हा त्यांचा संघ बारापैकी अकरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीच्या उंबरठ्यावर उभा होता. त्या विद्यापीठाच्या इतिहासात असा योग प्रथमच आला होता आणि पगारही भरघोस होता. इतके सगळे सोडून, तेही ऐन मोक्याच्या वेळी, जाणे योग्य होते का, यावर तेथे बरेच वादंग झाले. मला स्वतःला ते रुचले नाही. परंतु त्यांनी ज्या जागेची निवड केली, तिचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

पहिली गोष्ट आसपास मिळणाऱ्या खेळाडूंची. लुईझियाना हे लोकसंख्येने मध्यम आकाराचे राज्य असले, तरी तेथे या खेळाचे उत्तम खेळाडू मोठ्या संख्येने घडतात, आणि राज्यात त्या तोलामोलाचे दुसरे विद्यापीठ नाही. गावागावातल्या मुलांचे स्वप्न एकाच जर्सीचे असते. त्यामुळेच निक सेबन यांनी २००३मध्ये, लेस माइल्स यांनी २००७मध्ये आणि एड ऑर्जरॉन यांनी २०१९मध्ये, म्हणजे लागोपाठच्या तीन अगदी भिन्न स्वभावाच्या प्रशिक्षकांनी, त्याच एका खुर्चीत बसून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. शेजारच्या मिसिसिपीत मात्र आधीच लहान असलेले राज्य दोन मोठ्या विद्यापीठांत वाटले गेले आहे. मुख्य प्रशिक्षकाच्या कामाचा फार मोठा भाग मैदानावर होतच नाही. तो सतरा वर्षांच्या मुलाला आपल्या संघात आणण्यासाठी त्याच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून होतो. आई विचारते, की गुडघा दुखावला तर पुढे काय, वडील विचारतात, की पदवी कोणत्या विषयाची मिळेल, आणि प्रशिक्षकाला त्या दोघांचा विश्वास मिळवावा लागतो. अशी घरे दोन तासांच्या अंतरावर असणे आणि विमानाने चार राज्ये ओलांडून गाठावी लागणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हा फरक किती महागात पडतो, हे पाहायचे असेल तर नेब्रास्काचे उदाहरण घ्यावे. जेमतेम वीस लाख लोकसंख्येच्या या राज्यात, पंच्याऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षक बसतील असे स्टेडियम १९६२पासून प्रत्येक सामन्याला भरलेले आहे. प्रेक्षकांची अशी निष्ठा लाभावी, यासाठी कोणताही प्रशिक्षक काहीही देईल. टॉम ऑस्बोर्न यांच्या काळात या संघाने १९९४, १९९५ आणि १९९७ या वर्षांची राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांच्यानंतर आलेल्या फ्रँक सोलिच यांना २००३मध्ये, संघाने त्या हंगामात नऊ सामने जिंकलेले असताना, काढून टाकण्यात आले. कारण नऊ विजय पुरेसे नाहीत असे वरिष्ठांना वाटले. त्यानंतर एकामागून एक प्रशिक्षक आले आणि गेले, राष्ट्रीय विजेतेपद मात्र परत आले नाही. सोलिच यांनी नंतर ओहायो विद्यापीठाच्या तुलनेने छोट्या संघात दीड दशक शांतपणे काम करून नाव कमावले. राज्यात खेळाडू थोडे, दूरवरून मुले आणण्याची जुनी घडी विस्कटलेली आणि अपेक्षा मात्र सुवर्णकाळाच्या, अशा ठिकाणी स्टेडियम कितीही भरले तरी प्रशिक्षकाचे काम सोपे होत नाही.

दुसरी गोष्ट अधिकाराची. प्रशिक्षक कोणाला उत्तरदायी आहे, हे त्याला रुजू होण्याआधी कळले पाहिजे. याच लुईझियाना स्टेट विद्यापीठात किफिन यांच्याआधीचे प्रशिक्षक ब्रायन केली यांना २०२१अखेरीस सुमारे साडेनऊ कोटी डॉलरचा दहा वर्षांचा करार देण्यात आला होता, आणि २०२५च्या ऑक्टोबरमध्ये, चौथ्याच हंगामात, त्यांना काढण्यात आले. त्यानंतर काही दिवसांतच राज्याच्या गव्हर्नरांनी, विद्यापीठाचे क्रीडा संचालक पुढच्या प्रशिक्षकाची निवड करणार नाहीत, असे जाहीरपणे सांगून टाकले, आणि लगोलग त्या संचालकांनाही पद सोडावे लागले. म्हणजे अत्यंत हवीहवीशी वाटणारी जागासुद्धा राजकीय हस्तक्षेपापासून मुक्त नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाची कथाही अशीच आहे. पैसा, एक लाखाहून अधिक आसनांचे स्टेडियम आणि देशातील सर्वांत समृद्ध खेळाडू-क्षेत्र अशा तिन्ही गोष्टी त्यांच्याकडे आहेत, तरी त्यांचे शेवटचे राष्ट्रीय विजेतेपद १९३९ सालचे आहे. २०२३मध्ये तेथील प्रशिक्षक जिंबो फिशर यांना करार मोडण्यापोटी साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊन निरोप देण्यात आला. देणगीदार, विश्वस्त, संचालक आणि कुलगुरू यांचे तोंड चार दिशांना असेल तर पैशाने ते एका दिशेला वळत नाही, एवढे यावरून दिसते.

अवधीबद्दल मला अधिक तळमळीने लिहावेसे वाटते. बिल स्नायडर यांनी १९८९ साली कॅन्सस स्टेट विद्यापीठाची जबाबदारी घेतली, तेव्हा तो संघ आधीच्या दोन हंगामांत एकही सामना जिंकलेला नव्हता. प्रतिष्ठा, पैसा, परंपरा यांपैकी काहीही तेथे नव्हते. पहिल्या वर्षी स्नायडर यांना एकच विजय मिळाला. दुसऱ्या वर्षी पाच मिळाले, तिसऱ्या वर्षी सात. विद्यापीठाने त्यांना वेळ दिला, काम करू दिले, आणि १९९८मध्ये त्याच संघाने साखळीतील सर्व अकरा सामने जिंकले. आज ते स्टेडियम त्यांच्या कुटुंबाच्या नावाने ओळखले जाते. कागदावर पाहिले तर ती देशातली सर्वांत नकोशी नोकरी होती. वरिष्ठांच्या संयमाने ती करण्याजोगी झाली. याउलट अलाबामामध्ये सहा विजेतेपदे मिळवून सेबन २०२४च्या जानेवारीत निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या केलन डीबोअर यांच्यावर, पहिल्याच हंगामात नऊ विजय मिळवूनही, चार पराभवांसाठी टीकेची झोड उठली. थोर माणसाच्या पाठोपाठ येणाऱ्याला मिळणारा अवधी नेहमीच अपुरा असतो.

अलीकडे या गणितात एक भर पडली आहे. २०२१च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या आणि प्रसिद्धीच्या बळावर पैसे कमावता येतात, त्याच वर्षापासून एक विद्यापीठ सोडून दुसरीकडे गेल्यास वर्षभर बाहेर बसावे लागत नाही, आणि २०२५च्या जुलैपासून विद्यापीठे सर्व खेळांतील खेळाडूंना मिळून वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर थेट देऊ शकतात. म्हणून आता जाणता प्रशिक्षक स्वतःच्या पगाराआधी खेळाडूंसाठी किती तरतूद आहे, असे विचारतो. कर्ट सिग्नेटी यांनी इंडियाना विद्यापीठात हेच सिद्ध केले. पराभवांच्या संख्येत वर्षानुवर्षे आघाडीवर असलेल्या त्या संघाने २०२४मध्ये बाद फेरी गाठली आणि पुढच्या हंगामात थेट राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

हे सर्व नाशिकच्या वाचकांपुढे मांडण्याचे कारण असे, की खेळाडूंच्या खाणीच्या दृष्टीने आपला जिल्हा कुणाहून कमी नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या डोंगराळ तालुक्यांतून धावपटू येतात. चांदवड, निफाड, सिन्नर या भागांत कबड्डी आणि कुस्तीची आवड घराघरांत आहे. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले आणि संजीवनी जाधवने २०१७ साली तैपेई येथे विद्यापीठ खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत त्याच अंतराच्या शर्यतीत रौप्यपदक जिंकले. या दोघींच्या मागे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांची नाशिकच्या मैदानावरील वर्षानुवर्षांची मेहनत होती. एक माणूस एका जागी टिकला, त्याला काम करू दिले गेले, तर काय घडते याचा दाखला आपल्याच शहरात आहे.

असे असताना महाविद्यालयांतील प्रशिक्षकाची जागा आपण कशी ठेवली आहे? मी जवळून पाहिलेल्या एका महाविद्यालयातील क्रीडा संचालक सकाळी साडेसहाला मैदानावर फक्की टाकून कबड्डीचे मैदान आखत असत, दोन तास मुलांकडून चढाई-पकडीचा सराव करून घेत असत आणि साडेनऊला घामेजलेल्या कपड्यांनिशीच परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजायला बसत असत. दुपारी प्रवेश समिती, संध्याकाळी महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आली, की संघात कोणाला घ्यायचे याबाबत संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे फोन येत. विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या जिमखाना शुल्कातून खेळासाठी नेमके किती पैसे मिळणार, हे त्यांना वर्षाच्या शेवटपर्यंत समजत नसे. त्यांच्या मदतीला मानधनावर घेतलेला तरुण प्रशिक्षक करार संपताच पोलीस भरतीच्या अकादमीत निघून गेला आणि त्याने घडवत आणलेली मुले अर्ध्यावर राहिली. त्याला मी दोष देणार नाही. ज्या जागेवर अकराव्या महिन्यात आपण असू की नाही याची शाश्वती नाही, तेथे तीन वर्षांचा आराखडा कोण आखील?

पुणे विद्यापीठाच्या नाशिक विभागातून आंतरविभागीय फेरीत जाणाऱ्या आपल्या संघांकडून आपण पदकांची अपेक्षा करतो, तेव्हा त्या संघांच्या प्रशिक्षकाला आपण काय दिले, हे विचारण्याचा अधिकार वाचक म्हणून आपल्याला आहे. अमेरिकेइतका पैसा येथे येणार नाही आणि यावा अशी माझी मागणीही नाही. शिक्षणसंस्थेने खेळावर तेवढा खर्च करणे मला पटतही नाही. पण किमान तीन वर्षांची लेखी नेमणूक, संघनिवडीचा निर्विवाद अधिकार, स्पर्धांच्या काळात परीक्षा व कार्यालयीन कामांतून सुटका आणि वर्षाच्या सुरुवातीलाच हाती दिलेले अंदाजपत्रक, यांसाठी फार पैसा लागत नाही. शिवाय, पाड्यांवर जाऊन मुलांच्या आई-वडिलांशी बोलण्यासाठी प्रशिक्षकाला प्रवासखर्च मिळावा आणि बाहेरगावच्या खेळाडूंसाठी वसतिगृहात थोड्या जागा राखून ठेवाव्यात. सुरगाण्याची एखादी धावपटू बारावीनंतर शिकायला नाशिकला येईल की लग्न करून घरी राहील, हे कित्येकदा या दोन तरतुदींवर ठरते.

जूनमध्ये प्रवेश सुरू होतील आणि त्याआधी अनेक संस्था क्रीडा विभागातील जागांच्या जाहिराती देतील. त्या जाहिरातींत पात्रता आणि मानधन यांबरोबरच नेमणुकीची मुदत, प्रशिक्षकाचे अधिकार, त्याला द्यावयाची इतर कामे आणि जिमखान्याची वार्षिक तरतूद छापली जावी, अशी माझी जिल्ह्यातील सर्व संस्थाचालकांना विनंती आहे. आपल्या वृत्तपत्राने प्रत्येक महाविद्यालयाकडून या चार बाबींची माहिती मागवून ती प्रवेशांपूर्वी क्रीडा पानावर प्रसिद्ध करावी, म्हणजे खेळाडूंना आणि त्यांच्या पालकांना महाविद्यालय निवडताना तिचा उपयोग होईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
गंगापूर रोड, नाशिक