चौकटीची पिशवी

जोहान्सबर्ग, 7 डिसेंबर 2025

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर 'परत ये' म्हणत बाबा चिडले, मग मीही चिडले, आणि आईने मध्ये पडून 'जेवलीस का' विचारून विषय बदलला. म्हणून आज रविवारचा निवांत बसून लिहिते आहे. फोनवर मी नेहमी अर्धंच सांगते.

तुम्हाला कुणीतरी पाठवलेल्या त्या व्हिडिओत काठ्या घेऊन चाललेले लोक 'मबाहंबे, मबाहंबे' ओरडत होते. झुलूत त्याचा अर्थ 'जाऊ देत त्यांना', म्हणजे चालते होऊ देत. बाबा, तुम्ही विचारलंत, 'त्यांना' म्हणजे कुणाला? तुम्हाला का? मी गप्प बसले, तर तुम्हाला वाटलं मी काहीतरी लपवते आहे. लपवत नव्हते. उत्तर देताना लाज वाटत होती. का, ते सांगते.

पण आधी पिशवी. आई, गेल्या खेपेला तू मेतकूट, गोडा मसाला आणि कुर्डया घालून दिलीस ना, ती भद्रकालीतून घेतलेली लाल-निळ्या चौकटींची चेनची पिशवी? वरून सुतळीने आवळून बांधलेली? तिला पश्चिम आफ्रिकेत नाव आहे: 'घाना मस्ट गो'. घानावाल्यांनी चालतं व्हावं! दुकानात लोक त्याच नावाने मागतात.

गोष्ट अशी. सत्तरच्या दशकात नायजेरियात तेलाचा पैसा आला. घानात तेव्हा हाल होते, म्हणून तिथले मास्तर, गवंडी, सुतार, मोलकरणी सगळे लागोसकडे निघाले. पुढे तेलाचे भाव पडले आणि पाहुणे खुपू लागले. 17 जानेवारी 1983 ला नायजेरियाच्या गृहमंत्र्यांनी (त्यांचं नाव खरोखर अल्हाजी अली बाबा होतं, मी गंमत करत नाही) जाहीर केलं की विनाकागद परदेशी लोकांनी महिनाअखेर देश सोडावा. हातात दोन आठवडे. सुमारे वीस लाख माणसं, त्यातली निम्मी घानाची. लागोसहून अक्राला जायचं तर मध्ये बेनिन आणि टोगो लागतात. त्यात घानाने आपलीच सीमा आधीपासून बंद ठेवलेली. पुढची वाट बंद म्हणून टोगोने दार लावलं, मग बेनिनने. माणसं रस्त्यावर आणि लागोसच्या बंदरात अडकून पडली. हाताला लागेल ते ज्या स्वस्त पिशव्यांत कोंबलं, त्या या पिशव्या.

आता बाबा म्हणतील, नायजेरियावाले वाईटच. तर त्याच्या तेरा वर्षं आधी, नोव्हेंबर 1969 मध्ये, घानाच्या बुसिया सरकारने हेच केलं होतं. दोन आठवड्यांत कागद दाखवा नाहीतर निघा. तेव्हा बोचकी बांधली ती बहुतेक नायजेरियाच्या व्यापाऱ्यांनी. आणि या जुलैत अक्रात पुन्हा मोर्चा निघाला, फलकावर 'नायजेरियन्स मस्ट गो'. एरवी हे दोन देश जावांसारखे. एकीचं दुसरीला बघवत नाही आणि एकीवाचून दुसरीचं चालत नाही. टोमॅटो घालून शिजवलेल्या जोलोफ भातावरून तर असे भांडतात, की आपली कोल्हापूर-नागपूरची रश्श्याची भांडणं त्यापुढे काहीच नाहीत.

आता इथलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना मी 'सिसी' म्हणते, आपल्या ताईसारखं. त्या झिंबाब्वेच्या, मासविंगोच्या. तिकडे शाळेत शिकवायच्या. 2008 मध्ये तिथला पगार बसभाड्यालाही पुरेना, तेव्हा लिंपोपो नदी ओलांडून आल्या. काही महिन्यांनी त्यांच्या देशाने शंभर ट्रिलियन डॉलरची नोट छापली. सिसींनी एक जपून ठेवली आहे, नातवाला दाखवायला. त्यांच्यासारख्यांसाठी इथल्या सरकारने 2009 पासून एक खास परवाना काढला. सुमारे 1,78,000 लोकांकडे तो आहे. मुदत संपत आली की सगळ्यांची झोप उडते, मग शेवटच्या घटकेला मुदत वाढते. ऑक्टोबरात पुन्हा वाढली, 28 मे 2027 पर्यंत. सतरा वर्षं एका देशात घालवून माणूस कॅलेंडरवर अशी तारीख बघत बसतो.

जुलैमध्ये सिसींचा रक्तदाब वाढला. मी त्यांना गाडीतून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. दारात पाच-सहा जण उभे. ना पोलीस, ना दवाखान्याचे कर्मचारी. नुसते टी-शर्ट घातलेले लोक, 'आयडी दाखवा' म्हणत रांग तपासत होते. 'दुदुला' म्हणजे 'ढकलून द्या'. ऑपरेशन दुदुला या नावाची संघटना 2021 मध्ये इथल्या सोवेटो वस्तीत सुरू झाली आणि या वर्षी अशी माणसं दवाखान्यांच्या दारांत जाऊन उभी राहू लागली. हे लोक त्यांचेच होते की हौशे, ते मी विचारलं नाही. सिसींनी परवाना काढून दाखवला. त्यातल्या एका बाईने तो उलटसुलट पाहिला आणि हिरवं बुक, म्हणजे इथल्या नागरिकांचं ओळखपत्र, नाही म्हणून बाजूला व्हायला सांगितलं.

बाबा, त्या दारात मला कुणीही काहीही विचारलं नाही. मला येऊन सहा वर्षं झाली. झुलू चार शब्द येतं. माझाही व्हिसा कंपनीच्या एका कागदावर टांगलेला आहे. पण 1860 पासून उसाच्या मळ्यांत राबायला आणलेल्या भारतीयांची लेकरं-नातवंडं डर्बनला आहेत, आणि माझा चेहरा त्यांच्यातला वाटतो. शिवाय मी गाडीतून उतरले होते. त्या बाईने मला 'मॅडम' म्हणून वाट करून दिली. दोघींपैकी जास्त परकी मी, आणि आत जायला मोकळीही मीच. ही ती लाजेची गोष्ट.

मग मी सिसींना खाजगी डॉक्टरांकडे नेलं, पैसे भरले आणि गोळ्या घेऊन आलो. येताना त्या एकच म्हणाल्या, 'तू त्यांच्याशी भांडली नाहीस ते बरं केलंस.' भांडले नाही ते शहाणपणाने की भीतीने, हे मला अजून ठरवता येत नाही. गेल्या महिन्यात इथल्या हायकोर्टाने निकाल दिला की असे कागद मागण्याचा अधिकार पोलिसांना आणि इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांना, संघटनेच्या माणसांना नाही. सिसींना सांगितलं तर त्या हसल्या. कोर्ट दवाखान्याच्या दारात उभं राहत नाही ना, म्हणाल्या.

पण दुसरी बाजूही ऐका. आमच्या गेटवर एक वयस्क वॉचमन आहेत, क्वाझुलू-नाताळचे. मी त्यांना 'बाबा' म्हणते. आई, झुलूतही वडिलांना बाबाच म्हणतात! त्यांचा मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, बारावी पास, आजवर एक दिवस पक्की नोकरी केलेली नाही. काम शोधणाऱ्या शंभरातल्या तिसांहून जास्त लोकांना इथे काम नाही. तरुणांचं तर विचारूच नका. हे बाबा म्हणतात, हॉटेलवाले झिंबाब्वे-मलावीची पोरं ठेवतात, कारण ती कमी पगारात राबतात आणि युनियनमध्ये जात नाहीत. माझ्या पोराने कायद्याप्रमाणे पगार मागितला की तो आळशी. त्यात खोटं काय आहे? फक्त त्यांचा राग हॉटेलमालकापर्यंत पोचत नाही, भांडी घासणाऱ्यापाशीच थांबतो. 2022 च्या जनगणनेत 6 कोटी 20 लाखांत परदेशात जन्मलेले भरले साधारण 24 लाख. ऐकणाऱ्याला वाटेल निम्मा देश बाहेरचा आहे.

परक्यांसाठी इथे एक शिवी आहे, 'मक्वेरेक्वेरे'. ज्याचं बोलणं नुसतं क्वेरे-क्वेरे ऐकू येतं तो. बाबा, तुमच्या तरुणपणी मुंबईत 'यंडुगुंडू' म्हणायचे ना, तसंच. मे 2008 मध्ये इथल्या अलेक्झांड्रा वस्तीतून दंगल पेटली, तेव्हा जमाव लोकांना अडवून विचारायचा, कोपराला झुलूत काय म्हणतात? 'इंदोलोल्वाने' म्हणता आलं नाही की मार. आपल्याकडे 'ळ' वरून ओळखतात त्याची ही भयंकर आवृत्ती. 62 माणसं मेली. त्यांतली 21 दक्षिण आफ्रिकेचीच होती.

त्याच वर्षीचा फेब्रुवारी आठवतो बाबा? माझी दहावी होती. सातपूर-अंबडमधले उत्तरेकडचे कामगार रातोरात निघाले, नाशिकरोड स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. तुमच्या वर्कशॉपमधला लेथवरचा माणूस तुम्ही स्कूटरवरून स्टेशनला सोडून आलात. जेवताना म्हणालात, 'बिचारा.' आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडता मोडता म्हणालात, 'पण आपल्या पोरांना आता काम तरी मिळेल.' मी तेव्हा त्याचा विचार केला नव्हता. इथे गेटवरच्या बाबांचं ऐकताना दर वेळी मला तुमचा तो आवाज ऐकू येतो. तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. तुम्ही त्याला स्टेशनवर सोडायला गेला होतात, हेही मला तितकंच आठवतं.

बाकी आफ्रिकेला राग याचा, की वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्यात केलेले उपकार दक्षिण आफ्रिका विसरली. मंडेलांच्या पक्षाचं हद्दपारीतलं मुख्यालय झांबियात, लुसाकाला होतं. सोवेटोत 1976 मध्ये शाळकरी मुलांवर झालेल्या गोळीबारानंतर नायजेरियात सरकारी नोकरांनी पगारातून वर्गणी काढली. इथल्या गोऱ्या सरकारने 1985 मध्ये बोट्स्वानाच्या राजधानीवर, गाबोरोनवर छापा घातला, तेव्हा मेलेल्यांत बोट्स्वानाची माणसंही होती. म्हणून 2019 मध्ये जोहान्सबर्गमध्ये परदेशी लोकांची दुकानं जळली, तेव्हा झांबियाने इथल्या संघाशी ठरलेला फुटबॉल सामनाच रद्द केला, आणि एका नायजेरियन विमान कंपनीने आपल्या लोकांना फुकट परत नेलं. मात्र लुसाका म्हटलं की गेटवरचे बाबा म्हणतात, 'ते नेत्यांनी खाल्लेलं मीठ. मी तेव्हा खाणीत होतो.' आणि खाणीत त्यांच्या शेजारी कोण होतं? मोझांबिकचे, लेसोथोचे, मलावीचे. जमिनीखाली कुणी कुणाला कोपराचा शब्द विचारला नाही, हेही तेच सांगतात.

आई, तुला सौंदर्यस्पर्धांची आवड, म्हणून हे. गेल्या वर्षी मिस साउथ आफ्रिकाच्या अंतिम फेरीत चिदिम्मा अदेत्शिना नावाची मुलगी होती. सोवेटोत जन्मलेली, वडील नायजेरियन. नावावरून गदारोळ झाला, आईच्या कागदपत्रांची चौकशी लागली, शेवटी तिने माघार घेतली. मग नायजेरियाने तिला बोलावलं, ती तिथे जिंकली आणि मेक्सिकोतल्या मिस युनिव्हर्समध्ये दुसरी आली. त्या रात्री नायजेरियाची छाती फुगली होती, आणि इथले कितीतरी लोक गप्प होते.

फुटबॉलचं तर विचारू नका. फेब्रुवारी 2024 मध्ये आफ्रिका चषकाच्या उपांत्य फेरीत नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिका समोरासमोर आले. नायजेरियाच्या वकिलातीने इथल्या आपल्या लोकांना आधीच बजावलं, की जपून बोला, जिंकलात तर फार नाचू नका. सामना पेनल्टीवर गेला. नायजेरियाच्या गोलरक्षकाने दोन फटके अडवले आणि दक्षिण आफ्रिका हरली. तो नवाबाली कुठे खेळायचा? इथेच, गेबेर्हाच्या क्लबात. या देशाच्या पगारावर जगणाऱ्याने या देशाला हरवलं. गेटवरच्या बाबांनी मात्र दुसऱ्या दिवशी त्याचं तोंडभरून कौतुक केलं. 'आमच्याच लीगमध्ये तयार झाला', असं.

तुमची नात शाळेत इथलं राष्ट्रगीत शिकली आहे, पाच भाषांतलं. पहिला भाग 'एन्कोसी सिकेलेली आफ्रिका', देवा आफ्रिकेला आशीर्वाद दे. एनॉक सोंतोंगा नावाच्या शाळामास्तरांनी 1897 मध्ये रचलेलं. ती परवा ओट्याशी उभी राहून गात होती, तर सिसी भांडी पुसता पुसता त्याच चालीत त्यांच्या शोना भाषेतले शब्द गाऊ लागल्या. 1994 पर्यंत झिंबाब्वेचंही राष्ट्रगीत याच चालीवर होतं. टांझानियाचं आणि झांबियाचं आजही आहे. नात गोंधळली. 'आजी चुकीचे शब्द म्हणतेय', म्हणाली. मी काही बोलले नाही. कांदा चिरत होते.

तर बाबा, परत येण्याचं. मार्चमध्ये कंपनीचा निर्णय कळेल, तेव्हा ठरवू. मला इथे धोका नाही असं म्हणत नाही, जोहान्सबर्ग आहे शेवटी. पण त्या व्हिडिओतला धोका माझ्या वाट्याचा नाही, तो सिसींच्या वाट्याचा आहे. फोनवर एवढंच सांगता येत नव्हतं.

सिसी 15 तारखेला गावी निघतात. डिसेंबरात बेइटब्रिजच्या सीमेवर मैलोगणती रांगा लागतात. सामान 'मलाइत्शा' नेतो, गाडीला ट्रेलर जोडून माणसांचं सामान पोचवणारे असतात ते. तेल, साखर, साबण, नातवाचे बूट, एक सेकंडहँड मिक्सर, सगळं जमवलंय त्यांनी. पिशवी कमी पडत होती, म्हणून आई, तुझी दिली. दोनदा धुतली तरी मेतकुटाचा वास जात नाही. सिसी म्हणाल्या, असू दे, नातवाला सांगेन की भारतातून आली.

आफ्रिका चषक यंदा मोरोक्कोत आहे. दक्षिण आफ्रिका आणि झिंबाब्वे एकाच गटात पडलेत, 29 डिसेंबरला समोरासमोर. सिसी तेव्हा मासविंगोला असतील. गेटवरच्या बाबांनी त्यांच्याशी वीस रँडची पैज लावली आहे. पैसे माझ्याकडे ठेवायला दिलेत, दोघांनीही.

आई, गुडघ्याला तेल लावत जा. बाबा, बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
मनू